दहा शेअरांचं आमंत्रण

सोफीबाई झिराडकरांच्या पिठाच्या गिरणीत एकच नियम होता. तो कुठं लिहून लावलेला नव्हता, कारण इस्राएलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावात लिहायचा म्हटला तर किती भाषांत लिहायचा, हा प्रश्न होता. छोटी पिशवी आधी, मोठं पोतं मागून. कुणी किलोभर तांदूळ घेऊन आली की तिचं दळण पहिलं. पाच किलोवाली तिच्यामागं. पोतंवाला पहाटे येऊन बसलेला असो, तो सगळ्यांच्या शेवटी.

एकदा बेरशेबाच्या एका हॉटेलवाल्यानं वाळक्या मिरच्यांची दोन पोती आणली. सकाळी सातला आला, दुपारी दोनपर्यंत बसून राहिला आणि मग उसळला.

"बाई, मी दोन पोत्यांचे पैसे देणार आहे!"

"द्या की," सोफीबाई म्हणाल्या. "पण ही किलोभर घेऊन आलीय ना, तिच्या डब्यात संध्याकाळचं पीठ नाही. तुमच्या हॉटेलात आजचं तिखट आहे. तुम्ही उद्याचं दळायला आलात. उद्याचं थोडं थांबू शकतं."

हे सगळं निम्मं मराठीत आणि निम्मं मोडक्या हिब्रूत. हॉटेलवाला मूळचा रुमानियाचा. त्याला शब्द अर्धेच कळले, चेहरा मात्र पुरता कळला. सोफीबाईंनी त्याला चहा पाजला. मिरची तशीही शेवटीच दळावी लागते, नाहीतर पुढचीच्या पिठाला तिखट लागतं, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं.

सोफीबाई अलिबागजवळच्या झिराडच्या. बापाचा तेलाचा घाणा होता. लग्न झालं ते मुंबईत कापडगिरणीत फिटर असलेल्या सॉलोमन झिराडकरांशी. १९५२ साली दोघं इस्राएलला आली, तेव्हा सामानात जात्याचे दोन मोठे दगड होते. बोटीवर आणि बंदरावर भेटेल त्यानं थट्टा केली. या देशात दुसरं काही नसलं तरी दगडांना तोटा नाही, असं प्रत्येकजण त्यांना नव्यानं सांगे. सॉलोमन सगळ्यांना एकच उत्तर देत: "तिकडचे दगड ओळखीचे आहेत."

पहिली काही वर्षं सोफीबाई शेजारणींना हातानं तांदूळ दळून देत. मग सॉलोमननी एक जुनी मोटर मिळवली, पट्टा लावला आणि बाजाराच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या टपरीत गिरणी सुरू झाली. दगड झिजले की त्यांना टाकी लावणं, मोटर सांभाळणं ही कामं सॉलोमनची. बाकी सगळं सोफीबाईंचं. भुवयांपर्यंत पीठ, डोक्याला रुमाल आणि गावातल्या प्रत्येक घराची बित्तंबातमी. कोणाकडं पाहुणे आलेत, कोणाचा पगार थकलाय, कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडलीय, हे त्यांना पिशवीच्या वजनावरून कळे. आपल्या लोकांच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंच्या, बायका तांदूळ आणि मसाला आणत. मोरोक्कोच्या बायका लाल मिरची आणि जिरं आणत. आणि पेसाहच्या सणाआधी महिनाभर तर येरुहाम, दिमोना, बेरशेबा इथल्या सगळ्या बेने इस्राएल घरांतून तांदूळ यायचे. सणाच्या सात दिवसांत घरात गव्हाचा कण चालत नाही, त्यामुळं तांदळाच्या भाकऱ्यांवरच सगळं. पेसाहच्या महिनाभर आधी येणारा पुरीमचा सण झाला की सोफीबाई दगड उतरवून उकळत्या पाण्यानं धुवत आणि मग सण येईपर्यंत तांदळाशिवाय काही दळत नसत. त्या एका महिन्यावर झिराडकरांचं अर्धं वर्ष निघे.

१९६३ च्या डिसेंबरात पूर आला. गावात पावसाचा थेंब नव्हता. पाऊस लांब डोंगरावर पडला, आणि दुपारी कोरड्या नाल्यातून तपकिरी पाणी असं आलं की बाजाराचा खालचा रस्ता तासाभरात चिखलानं भरला. माणसं वाचली. न्हाव्याची खुर्ची गेली, चांभाराचं चामडं गेलं, सरबतवाल्याच्या बाटल्या वाहत पार शाळेपर्यंत पोचल्या. 'गर्गीर' कंपनीचा पिठाचा डेपो त्याच रस्त्यावर. तिथं पोतीच्या पोती भिजून त्यांचा लगदा झाला. आणि सोफीबाईंची मोटर चिखलाखाली गेली.

सॉलोमननी ती उघडली, धुतली, आठवडाभर उन्हात ठेवली. नवव्या दिवशी बटण दाबलं. मोटरनं एक सुस्कारा सोडला आणि तिच्यातून निळा धूर आला.

"गेली," सॉलोमन म्हणाले.

"नीट बघा की हो."

"सोफी, मी तीस वर्षं मोटरी बघतोय. ही गेली."

दगडांना काही झालं नव्हतं, पण मोटरीशिवाय दगड म्हणजे दगडच. नवी मोटर घेण्याएवढे पैसे घरात नव्हते. त्यात टपरीच्या परवान्यावर एक ओळ होती: धंदा तीन महिने बंद राहिला तर जागा दुसऱ्याला जाईल. तीन महिने म्हणजे पुरीमच्या जरा पुढं. पुरीमपर्यंत मोटर आली नाही तर पेसाहचं दळण जाणार, आणि पाठोपाठ टपरीही जाणार.

म्हणून सरकारनं पूरग्रस्त छोट्या धंद्यांना मदतीचं कर्ज जाहीर केलं, तेव्हा सोफीबाईंनी धुतलेलं पातळ नेसून पहिल्याच दिवशी कचेरी गाठली. व्याज नावापुरतं. अट एकच: येरुहाममध्ये दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेला धंदा. "आमच्याकडं दोन आहेत," सोफीबाई रांगेत सगळ्यांना सांगत होत्या, "त्यातला एक नवरा, तो अर्धाच धरा."

खिडकीत इमॅन्युएल नावाचा कारकून होता. मूळचा कैरोचा, अतिशय नम्र. वाईट बातमी सांगताना तो आणखीच नम्र होई.

"गवेरेत झिराडकर," हिब्रूतलं 'बाईसाहेब' लावून तो म्हणाला, "निधी संपला."

"सकाळी दहाला?"

त्यानं भिंतीवरची यादी दाखवली. चार नावं होती. सगळ्यात वर, टाइप केलेल्या अर्जासह, सकाळी आठच्या ठोक्याला आलेलं नाव: गर्गीर. नुकसानीच्या मानानं कर्ज, आणि भिजलेल्या पोत्यांच्या मानानं एकट्या गर्गीरला तिघांएवढं कर्ज गेलं होतं. बाहेर राहिलेही तिघंच: न्हावी, चांभार आणि सोफीबाई.

"गर्गीर म्हणजे हैफाची ना? मोठमोठ्या गिरण्यावाली? पेपरात तिचे भाव छापून येतात ती?"

"तीच. पण येरुहामच्या डेपोत सहाच कामगार आहेत. नियमात बसतं."

"आणि हैफात किती आहेत?"

इमॅन्युएलनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "ते विचारलेलं नाही."

दोन दिवसांनी शनिवार आला. शनिवारी दुपारी जेवायला सॉलोमनचे धाकटे भाऊ जेकब येत. पस्तिशी उलटलेले, लग्न न झालेले, आणि गर्गीरच्या त्याच डेपोत गोदाम सांभाळणारे.

"भावजी," सोफीबाई डाव हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या कंपनीनं माझी मोटर खाल्ली. आमटी वाढू?"

"वहिनी, मी काय कंपनी आहे?"

"आहेस की," सॉलोमन शांतपणे म्हणाले. "दहा शेअर आहेत तुझे."

हे खरं होतं. आदल्या वर्षी कंपनीनं शेअर विकायला काढले तेव्हा प्रत्येक कामगाराला बोनसऐवजी दहा शेअर दिले होते. जेकबनी तो कागद पेटीत, मुंबईच्या सुटाखाली घडी करून ठेवला होता.

"वहिनी, ऐका," जेकब म्हणाले. "कर्ज घेतलं नसतं तर डेपो बंद झाला असता असं आमचा मॅनेजर पिन्हास सांगतो. आम्ही सहा माणसं आहोत. सहा घरं. आम्हाला पुरानं सोडलं होतं का? मी चार दिवस गुडघाभर लगद्यात उभा होतो."

ही गोष्टही खरी होती, म्हणून सोफीबाईंना जास्त राग आला. खोट्या गोष्टीचा राग पटकन जातो. त्यांनी आमटी वाढली, तीही दोन डाव, आणि म्हणाल्या, "तुम्ही लगद्यात होतात हे मला माहीत आहे. तुमची पँट कोणी धुतली? पण भावजी, डेपो बुडाला तर कंपनीचं पीठ हैफाहून येईल. मी बुडाले तर माझं कुठून येणार?"

जेकबची लाडकी पुतणी, सोफीबाईंची सतरा वर्षांची मुलगी ओफ्रा, ताटातून मान वर न करता हिब्रूत म्हणाली, "इमा, हे सगळं काकाला काय सांगतेस? ज्यांनी पैसे घेतले त्यांना सांग."

"त्यांना कुठं गाठू? हैफात जाऊ, मला सगळ्यांच्या घरचे पत्ते माहीत आहेत ना!"

पत्ता आठ दिवसांनी आपणहून आला. जेकबच्या नावानं एक जाड, पांढरं कार्ड आलं. त्यावर सोनेरी कडा, आणि जेकबचं नाव टाइप केलेलं. जेकब ते घेऊन थेट वहिनीकडं आले, कारण छापील आमंत्रण त्यांना आयुष्यात लग्नाखेरीज कधी आलं नव्हतं.

ओफ्रानं वाचलं. गर्गीर कंपनीची वार्षिक सभा, तेल अवीव, कंपनीच्या कचेरीत, बुधवारी दुपारी चार वाजता. सर्व भागधारक निमंत्रित.

"चहापान?" सोफीबाईंनी विचारलं.

"लिहिलंय. चहापान आहे."

"सहकुटुंब?"

"इमा, ते काही कुणाच्या मुलाच्या बार मिट्झ्वाच्या समारंभाचं आमंत्रण नाही. सहकुटुंब असं लिहिलं नाहीये."

"लिहिलं नाही म्हणजे सहकुटुंबच," सोफीबाई म्हणाल्या. "एकट्याला बोलवायचं असतं तर तसं लिहिलं असतं."

जेकब दचकले. "वहिनी, कोणी जात नाही त्या सभेला. पिन्हास म्हणाला, ते कार्ड पाठवायची नुसती पद्धत आहे."

"सोन्याच्या कडेचं कार्ड पाठवून आपण यायचं नाही? मग पाठवलं कशाला? भावजी, बोलावल्यावर न जाणं म्हणजे अपमान. आणि रिकाम्या हातानं जाणं म्हणजे त्याहून मोठा. मंगळवारी मी शंकरपाळे करते."

सॉलोमननी आपल्या भावाकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ जेकबना लहानपणापासून माहीत होता: आता बोलून उपयोग नाही, सुटाला इस्त्री कर.

बुधवारी ते चौघं सकाळच्या बसनं बेरशेबाला आणि तिथून तेल अवीवला गेले. जेकब मुंबईच्या सुटात आणि टायमध्ये होते. सॉलोमनच्या कोटाला चुरगळलेला रुमाल खोवलेला होता. सोफीबाई जरीकाठी पातळात होत्या आणि मांडीवर शंकरपाळ्यांचा पाच किलोचा डबा. मांस जेवल्यावर दुधातुपाचं चालत नाही, तूप घातलं असतं तर मांस जेवलेल्या कोणाला ते खाता आले नसते, म्हणून त्यांनी तेलाचं मोहन घातलं होतं. सभेला कोण काय जेवून येईल सांगता येत नाही. वाटेत बसमधल्या दोन सैनिकांनी डब्याकडं तीन वेळा पाहिलं, तेव्हा त्यांनी दोघांना मूठमूठ दिले.

कचेरीच्या दारात हेदवा नावाची तरुण मुलगी नावांची यादी घेऊन उभी होती. यादीत जेकब झिराडकर होते. बाकीचे तिघं नव्हते.

"फक्त भागधारक," हेदवा म्हणाली.

"दहा शेअर आहेत," सॉलोमननी सावकाश हिब्रूत सांगितलं. "आम्ही चौघं. प्रत्येकी अडीच."

हेदवानं चौघांकडं पाहिलं, मग डब्याकडं. "यात काय आहे?"

"उघडून बघ, बाय," सोफीबाई म्हणाल्या, आणि हेदवानं बघितलं. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तिनं आणखी तीन खुर्च्या मागच्या रांगेला लावल्या.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. पुढं लांब टेबलापाशी पांढऱ्या केसांचे अध्यक्ष आणि शेजारी एक सडपातळ हिशेबनीस. तो उभा राहून आकडे वाचत होता, आणि आकडे इतके मोठे होते की सोफीबाईंना त्यांचं काही वाटलं नाही. नफा वाढला होता. हैफातली नवी गिरणी सुरू झाली होती. लोक जांभया देत ऐकत होते. अर्ध्या तासानं अध्यक्ष म्हणाले, "कोणाला काही विचारायचं आहे?" आणि उत्तराची वाट न बघता कागद गोळा करू लागले.

सोफीबाई उभ्या राहिल्या.

"ओफ्रा, चल. मी बोलते, तू सांग."

"इमा, नको," ओफ्रा कुजबुजली. तोपर्यंत सगळ्या माना मागं वळल्या होत्या.

"शालोम," सोफीबाई हिब्रूत म्हणाल्या, आणि मग मराठीत सुरू झाल्या. "मी येरुहामची सोफी झिराडकर. हे माझे दीर, यांना तुम्ही बोलावलंत, म्हणून आलो. आधी तुमचं अभिनंदन. नवी गिरणी चांगली चालो. माझीही गिरणी आहे. पुरात तिची मोटर गेली. सरकारनं छोट्या धंद्यांना कर्ज ठेवलं होतं, ते सकाळी आठ वाजता तुम्ही नेलंत. तुम्हाला त्याची गरज होती का, एवढंच मला विचारायचं आहे. भांडायला आलेले नाही. तुमच्या घरी येऊन कशाला भांडू?"

ओफ्रानं घसा खाकरला आणि हिब्रूत म्हणाली, "माझी आई येरुहामच्या मदतनिधीबद्दल विचारते आहे."

सोफीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "मी एवढं बोलले, आणि तू एवढंच सांगितलंस?"

"थोडक्यात सांगितलं."

"थोडक्यात नको. सगळं सांग. अभिनंदनसुद्धा सांग."

मग ओफ्रानं लाल होऊन सगळं सांगितलं, अभिनंदनासकट. हॉलमध्ये आता कोणी जांभई देत नव्हतं.

अध्यक्ष हिशेबनिसाकडं वळले. हिशेबनीस उठला आणि फारच सभ्यपणे बोलला. कर्ज पूर्णपणे नियमानुसार होतं. डेपोचं नुकसान खरं होतं. तिथले सहा कामगार येरुहामचेच रहिवासी. आणि मुख्य म्हणजे, स्वस्तात मिळणारा पैसा न घेणं हे भागधारकांचं नुकसान ठरलं असतं. "बाईंच्या दिरांचंसुद्धा," तो हसून म्हणाला. "आम्ही ते यांच्यासाठीच घेतलं."

यावर काही लोकांनी माना डोलावल्या. बोलणं चुकीचं नव्हतं. सोफीबाईंनी ओफ्राकडून ते नीट समजून घेतलं, दोनदा विचारलं, आणि मग म्हणाल्या, "नियमाचं मला माहीत नाही. माझ्या गिरणीत किलोभर घेऊन आलेली आधी आणि पोतंवाला नंतर. पोतंवाला वाईट माणूस असतो म्हणून नाही. त्याचंही धान्य दळायचंच असतं. पण त्याच्या घरी आजचं असतं, आणि हिच्या घरी नसतं. तुम्ही पोतं घेऊन आलात साहेब, आणि पिशवीवाल्या तिघांच्या पुढं उभे राहिलात. तेही धावत येऊन."

ओफ्रानं या वेळी एक शब्दही गाळला नाही. 'धावत' म्हणताना तिनं आईसारखा हातसुद्धा केला. कुठून तरी हसण्याचा आवाज आला, मग आणखी एक, आणि हिशेबनीस चष्मा पुसू लागला.

"तुम्ही आमच्या येरुहामच्या डेपोत कामाला आहात ना?" त्यानं समोरची भागधारकांची यादी चाळत एकदम जेकबना विचारलं.

जेकबचा हात टायकडं गेला. हे सोफीबाईंनी धरलं नव्हतं. मोटर गेली होतीच, आता दिराची नोकरीही जाणार, आणि ती आपल्या शंकरपाळ्यांमुळं.

"बसा, भावजी," त्या हळूच म्हणाल्या.

जेकब बसले नाहीत. "हो," ते म्हणाले. त्यांचं हिब्रू सोफीबाईंपेक्षा बरं होतं, आणि त्या दिवशी सुटामुळं आणखी बरं वाटत होतं. "मी डेपोत कामाला आहे. आणि दहा शेअरही माझेच आहेत. माझ्यासाठी म्हणून कर्ज घेतलं असेल तर मला ते नको. डेपो साफ करायचा असेल तर आम्ही सहाजण दोन शुक्रवार जास्तीचे येऊ. मी त्यांना विचारलंय."

विचारलं नव्हतं. हे त्यांनी नंतर बसमध्ये कबूल केलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक म्हातारी बाई काठी टेकून उठली. ब्राखा तिचं नाव. तिच्या नवऱ्यानं कंपनीच्या पहिल्या दिवसांत पैसे घातले होते आणि दर वर्षी ती न चुकता सभेला येई. तिला पाहून अध्यक्ष सरळ बसले.

"किती कर्ज आहे ते?" तिनं विचारलं.

हिशेबनिसानं आकडा सांगितला. ब्राखानं तो मघाच्या मोठ्या आकड्यांशेजारी मनात ठेवून पाहिला असावा, कारण तिनं नाक मुरडलं. "एवढ्यासाठी? यातून माझ्या वाट्याला किती येतं? बसचं एक तिकीट? मी चालत जाईन. परत करा ते."

"हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही," हिशेबनीस म्हणाला.

"मग मी हात वर करते," ब्राखा म्हणाली, आणि केला. जेकबनी केला. मागून दोन-चार हात वर गेले, मग दहा-बारा. सॉलोमननीही केला, सोफीबाईंनी केला, ओफ्रानंही केला. हेदवा धावत आली आणि त्या तिघांना मत नाही म्हणून सांगू लागली. "अडीच-अडीच आहेत," सॉलोमन हात खाली न घेता म्हणाले.

अध्यक्षांना हसू आवरलं नाही. त्यांनी मतं मोजली नाहीत. ते हिशेबनिसाला एवढंच म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उद्या याचं पत्र लिहा." आणि मग सगळ्यांना: "चहा तयार आहे."

चहाबरोबर कंपनीची बिस्किटं होती. ती तशीच राहिली. पाच किलोचा डबा पंधरा मिनिटांत तळाला गेला. ब्राखानं रुमालात थोडे बांधून घेतले. अध्यक्षांनी सोफीबाईंना विचारलं की यात पीठ कुठलं आहे, आणि सोफीबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमचंच. माझी गिरणी बंद आहे ना."

पत्र खरंच लिहिलं गेलं. तिसऱ्या आठवड्यात डेपोचा मॅनेजर पिन्हास तोंड पाडून कचेरीत पैसे भरून गेला, ही बातमी इमॅन्युएल स्वतः टपरीवर येऊन सांगून गेला. डेपो बंद झाला नाही. हैफाहून दोन ट्रक पीठ आलं. जेकब आणि त्यांचे सोबती दोन शुक्रवार जास्तीचे राबले. पिन्हास जेकबशी महिनाभर अबोल होता आणि मग आपल्या बायकोचा मसाला दळायचा राहिलाय असं आडून आडून सुचवू लागला.

कर्ज न्हाव्याला, चांभाराला आणि सोफीबाईंना मंजूर झालं. फक्त दोन जामीन हवे होते.

ही गोष्ट सोफीबाईंनी सकाळी पाणी भरताना शेजारणीला सांगितली. दुपारी कचेरीच्या खिडकीशी अकरा माणसं उभी होती. आपल्या बायका होत्या, मोरोक्कोच्या दोघी होत्या, जेकब होते, आणि बेरशेबाचा हॉटेलवाला नेमका त्या दिवशी गावात आला होता, तोही होता.

"फॉर्मवर दोनच ओळी आहेत," इमॅन्युएल अतिशय नम्रपणे म्हणाला.

"मग माझी पहिली," मोरोक्कोची झेहावा म्हणाली. "माझं जिरं दोन महिने तसंच पडलंय."

"तुझं जिरं! माझ्या मुलाचं लग्न आलंय!"

"मी दोन पोत्यांचा माणूस आहे," हॉटेलवाला म्हणाला.

"म्हणूनच मागं थांबा," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या, आणि तो निमूटपणे मागं थांबला.

शेवटी दोन ओळींवर दोन सह्या झाल्या, आणि बाकीच्या आठ समासात, आडव्या, उभ्या, एक तर शिक्क्याच्या आतच. नववी जादा सही जेकबनी सगळ्यात शेवटी केली. त्यांच्यासाठी जागाच उरली नव्हती, म्हणून त्यांनी कागद उलटा केला. ते सही करत असताना सोफीबाई खिडकीच्या कडेला उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. इमॅन्युएलनं विचारलं, "काय झालं, गवेरेत?" तर म्हणाल्या, "पीठ गेलं डोळ्यात." दोन महिने गिरणी बंद होती, पण त्यानं तो विषय काढला नाही.

मोटर पुरीमच्या आदल्या दिवशी बसच्या टपावरून आली. सॉलोमन आणि जेकब यांनी ती बसवली, सोफीबाईंनी दगड उकळत्या पाण्यानं तीनदा धुतले, आणि सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीबाहेर पिशव्यांची रांग लागली. सगळ्यात पुढं झेहावा जिऱ्याची पुडी घेऊन उभी होती. तिला सोफीबाईंनी समजावलं की आता पेसाहपर्यंत फक्त तांदूळ, जिरं नाही. झेहावानं कपाळाला हात लावला. सोफीबाईंनी तिची पुडी घेतली आणि घरी खलबत्त्यात कुटून द्यायचं कबूल केलं. जामीन होती ती.

सॉलोमननी बटण दाबलं. पट्टा एकदा थरथरला, मग फिरू लागला. मोटर नवी होती आणि जुनीपेक्षा दुप्पट जोराची. पत्रा दणाणला, फळीवरचे डबे नाचू लागले, आणि तांदळाची पहिली पांढरी धार खालच्या डब्यात उतरली.

त्याच वेळी इमॅन्युएल हातात फॉर्म फडकवत रस्त्यानं पळत आला. पैसे मिळून गेल्यावर आता वरच्या कचेरीतून फॉर्म परत आला होता. नऊ जादा सह्यांचं काहीतरी करायला हवं होतं. तो दारात उभा राहून ओरडू लागला. त्याचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

"काय?" सोफीबाई ओरडल्या.

तो आणखी जोरानं ओरडला. रांगेतल्या बायका हसू लागल्या. जेकब कानाला हात लावून पुढं वाकले, पण त्यांनाही काही कळलं नाही.

"काही ऐकू येत नाही!" सोफीबाई भुवयांपर्यंत पीठ उडालेल्या, तोंडभर हसत, मराठीत ओरडल्या. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही! संध्याकाळी ये, दळण संपल्यावर!"